टिंब आणि चांदणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मन हलकं करायला सांगतोय, असं समजू नका — माझं मन काही जड-बिड झालेलं नाही. तुम्ही तोंड वाकडं कराल, खुशाल करा.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. कुठल्या छटेला कोणता रंग किती, हे रंगाईच्या मशीनला फायलींतून कळतं. त्या फायली बदलल्या की माझ्या फोनवर इशारा यायचा — तसा पहारेकरी प्रोग्रॅम मीच बसवला होता. पण मशीन स्वतःच्या नोंदीही त्याच फोल्डरात लिहायचं. फोन सारखा वाजायचा. जेवताना, मीटिंगमध्ये, मुलीच्या बारशातसुद्धा. फक्त नोंदींच्या फायली वगळणारा नियम लिहायला अर्धा तास लागला असता. मी काय केलं? पहारेकऱ्याच्या वगळायच्या यादीत अख्ख्या फोल्डरचं नाव घातलं आणि त्यापुढे एक टिंब आणि एक चांदणी ठोकली. म्हणजे — पुढे काहीही असो, नोंदी असोत की रंगांच्या फायली, बघू नकोस. फोन गप्प झाला. फार बरं वाटलं.

मग एका मोठ्या ऑर्डरचा मरून रंग विटकरी निघाला. सगळा लॉट वाया. मशीनवर श्रीनूअण्णा होते, विणकराच्या घरातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. "मी काय बी बदललं न्हाय सायेब. तुमच्या कॉम्प्युटरला इचारा की," म्हणाले. मालकांनी मला बघायला सांगितलं. कॉम्प्युटरवर बदलाची काहीच नोंद नव्हती. म्हणजे अण्णांनीच चुकीची छटा लावली, असं ठरलं.

मला माहीत होतं का? — हो. मरूनची फाईल मी बॅकअपशी ताडून पाहिली होती. बदललेली होती, कुणी बदलली, ते आजही ठाऊक नाही. जुनी फाईल गुपचूप परत ठेवली, नियम दुरुस्त केला आणि मालकांना म्हणालो, बदलाची नोंद नाही. शब्द न् शब्द खरा. अण्णांना त्याच दिवशी घरी बसवलं. मला पुढे बढती मिळाली — ती मी घेतली.

कामाचा ताण होता, नवीन होतो — असलं काही मी म्हणणार नाही. आधी अर्धा तास वाचवला, मग कातडी वाचवली.

परवा मंडईत अण्णा भेटले. राग नाही, काही नाही. म्हणाले, "तुमी सोता तपासलं की सायेब. तवा माजीच चूक झाली असंल. वय झालं बगा."

मी म्हणालो, "होतं असं, अण्णा." आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली.