म्हाताऱ्या बँडचे नवे अल्बम

मंडळी, आज इंदिरानगरच्या टपरीवर कॉलेजचा दोस्त इम्रान भेटला आणि आमचं जुनं भांडण सुरू झालं. आमच्या लाडक्या मेटल बँडचे नंतरचे अल्बम मला संथ वाटतात, त्याला तेच आवडतात.

"होस्टेलवर पहिली कॅसेट तूच आणलीस ना? मग ती का ऐकत नाहीस?" मी विचारलं.

तो हसला. "वीस वर्षं मालेगावात यंत्रमागावर काढली, यार. कान गेलेत. जुन्या गाण्यांची नुसती खडखड ऐकू येते. आता गायक सावकाश गातो, तर शब्द तरी कळतात."

मग मी त्याच्याच मोबाइलवर नव्या अल्बममधलं एक गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. गायकाचा आवाज थकलाय, पण माझ्या मित्रापर्यंत पोचतोय.

पूर्ण न ऐकताच ज्याला नावं ठेवली, असं एखादं गाणं तुमचंही आहे का?