पंच्यात गुंडाळलेली कपबशी

“आडनाव राहिलं की विचारायचं,” असं म्हणून सर चष्मा पुसायला घेत. गोठ्यातलं काम आटोपलेलं असे, हात धुऊन झालेले असत आणि गाईचा मालक गाव कोणतं, घर कोणत्या बाजूला, पाहुणे कुठले असं लांबून लांबून विचारत असे. हे प्रश्न तुम्हीही ऐकले असतील, कदाचित विचारलेही असतील. ते मालकाचे कष्ट वाचवत आणि आडनाव सांगून टाकत. ते ऐकल्यावर आमच्या बिलोली भागात कुणाला पुढचं काही विचारावं लागत नसे.

मला त्यांचा फार हेवा वाटायचा. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात हेव्याशिवाय दुसरं फारसं काही नाही.

आम्ही दोघं एकाच पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. गावोगावी आम्हाला डॉक्टरच म्हणत. ते माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे. मी त्यांना सर म्हणे, ते मला भाऊ. पोटात आडवं आलेलं वासरू वळवावं तर त्यांनीच. खांद्यापर्यंत हात आत घालून, डोळे मिटून, गाईशी हळू आवाजात काहीतरी बोलत ते असे उभे राहत की मालकालाही धीर येई. माझ्याकडे नवी पदविका होती, नवी गाडी होती, पण फोन त्यांनाच यायचे. फोन उचलला की पहिला शब्द जय भीम, पलीकडे कुणी का असेना. पलीकडचा जरा अडखळे आणि मग गाईचं सांगू लागे.

तो जय भीम मला खुपायचा. कारण तो माझाही होता.

माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं. त्यातून काही कळत नाही. घरमालकीणबाई खोली देताना “आपल्यातलेच दिसता” म्हणाल्या, तेव्हा मी नुसता हसलो. आईने दिलेली बुद्धाची लहान मूर्ती मी पेटीत स्वेटरखाली ठेवली. तशी मूर्ती आता कुणाच्याही बैठकीत शोभेला असते, पण मला तेवढाही धीर नव्हता. एकदा कळलं की लोक कसे बदलतात, ते मी शाळेपासून पाहिलं होतं. भांडत नाहीत, शिवी देत नाहीत. फक्त जरा जास्त गोड बोलायला लागतात.

काम झालं की चहा यायचा. मला फुलाफुलांची कपबशी, सरांना कागदाचा कप. “कप धुतलेले न्हाईत सायेब, म्हणून हे,” असं मालक अगदी आर्जवाने सांगे. सर मग पिशवी उघडत. औषधांच्या खाली पंच्यात गुंडाळलेली त्यांची स्वतःची पांढरी कपबशी असे. ती पुढे करून म्हणत, “ह्याच्यात वता.” मालक ओतायचा. दुसरं करणार काय? एका म्हाताऱ्याला त्यांनी चहा पिता पिता सहज विचारलं, “गाईला इचारलं का मालक, तिला कोणाचा हात चालतो?” म्हातारा हसला. पुढच्या खेपेला त्याने सरांना चिनी मातीचा कप दिला, पण कान तुटलेला.

मी शेजारी बसून फुलाफुलांच्या कपातला चहा प्यायचो आणि जळायचो. मनात म्हणायचो, यांना काय, नोकरी संपत आली, मुली लग्न होऊन गेल्या, यांना मिरवायला काय जातं? कागदाचा कप त्यांना मिळत होता आणि चहा गिळवत नव्हता मला.

एकदा देगलूरकडच्या एका गावातून फोन आला. पहिलारू गाय विताना अडली होती. मालक आम्हा दोघांना नवा होता, पण त्याच्या मेहुण्याने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की येणाऱ्या दोघांतला एक ‘त्यांच्यातला’ आहे. कोणता, ते सांगायचं राहिलं असावं. सर गोरे, इस्त्रीचा सदरा घालणारे. मी सावळा, त्यात उन्हाने रापलेला. मालकाने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि हिशेब केला.

तासाभराने कालवड जिवंत बाहेर आली. मग चहा आला. कपबशी सरांपुढे, कागदाचा कप माझ्यापुढे.

काय करतोय ते कळायच्या आत माझं बोट सरांकडे गेलं होतं.

“अहो, मी न्हाई. हे.”

मालक गडबडला. कपांची अदलाबदल करायला वाकला. सरांनी त्याला हातानेच थांबवलं. पिशवीतून आपली कपबशी काढली, माझ्या कागदी कपातला चहा तिच्यात ओतून घेतला आणि घरातली कपबशी माझ्याकडे सरकवली.

“घ्या भाऊ, तुमचा कप.”

परत आल्यावर दवाखान्याच्या फाटकाशी गाडीवरून उतरून सर म्हणाले, “तुमचे वडील आमच्या विहारात वर्षावासात ग्रंथ वाचायला यायचे. लई चांगलं वाचायचे. तुमचं नाक त्यांचंच हाय. पहिल्या दिवशीच ओळखलं मी.”

“मग बोलला का नाहीत कुणाला?”

“आडनाव तुमचं हाय. मी कशाला सांगू?”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मला त्यांच्या शांतपणाचाही हेवा वाटायला लागला. वर्षभरात त्यांची हदगावला बदली झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. निरोपाला मी रजा टाकून घरी बसलो. नंतर नांदेडला गेलो तेव्हा तशीच एक पांढरी कपबशी घेतली आणि पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. ती काही बाहेर निघाली नाही. मला कागदाचा कप देतंय कोण?

परवा देगलूरकडच्या त्याच मालकाचा फोन आला. ती कालवड आता गाभण होती, तपासायला बोलावलं होतं. काम झाल्यावर त्याने मला ओसरीवर नेऊन खुर्ची दिली. नव्या कपबशीत चहा आणला आणि समोर हात जोडून उभा राहिला.

“त्या दिशी लई मोठी चूक झाली सायेब. रंगावरून फसलो. तुम्हाला तसला कप दिला, आजून मनाला लागून हाय.”

तो खरोखरच शरमला होता. मी पिशवी उघडली, पंचा सोडला आणि माझी कपबशी पुढे केली.

“चुकला नव्हतात तुम्ही. ह्याच्यात वता.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग ओतायला लागला. माझा कप कलला आणि अर्धा चहा बशीत सांडला. सरांच्या बशीत कधी एक थेंब सांडलेला मी पाहिला नव्हता.

मेले माझे हात. अजून जळतो मी त्यांच्यावर.