वैशालीची राहिलेली सही

वैशालीच्या हातातलं पेन मी काढून घेतलं. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

वॉर्डात आम्ही तिघंच होतो. पलंगावर वैशाली, कुवेतमधल्या शुऐबा भागातल्या आमच्या लॅबमधली केमिस्ट. शेजारी मी, कंपनीचा एचआर मॅनेजर. आणि दाराशी समीर, आमचा मंदूब. मंदूब म्हणजे कंपनीच्या सरकारी कामांसाठी ऑफिसं पालथी घालणारा माणूस. हा मूळचा रत्नागिरीकडचा. वैशालीचं पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. नवरा नितीन इन्शुरन्सच्या अप्रूव्हलसाठी खाली गेला होता. तो कधीही वर आला असता.

"सर, पटकन. तो वर यायच्या आत."

"त्याच्यापासून लपवायचं कशाला?"

"लपवत नाही हो. मृत्युपत्र हा शब्द ऐकला तरी तो रडत बसेल. आणि त्याच्या दादांचा माझ्या फ्लॅटवर डोळा आहे."

तिने फोनवर सांगितलेलं मीच टाइप करून आणलं होतं. लग्नाआधीच्या पगारातून घेतलेला नाशिकचा फ्लॅट आईला. आई तिथेच राहत होती. पाटल्या धाकट्या बहिणीला. मोहनमाळ जावेला. "कधीची मागतेय, मिळू दे एकदाची." पुस्तकं नितीनला. "वाचणार नाही, पण धूळ तरी झटकेल."

तिने पेन उघडलं. आणि मी म्हणालो, "थांबा."

कुवेतमध्ये माझं सगळं आयुष्य ठप्प्यांत गेलं. आधी टायपिंग, मग भाषांतर, मग ठप्पा, मग तो ठप्पा खरा आहे म्हणून वर दुसरा ठप्पा. ठप्पा नसलेला कागद माझ्या लेखी वाण्याची चिठ्ठी.

"हे असं चालत नाही, वैशाली. बऱ्या व्हा, एम्बसीची अपॉइंटमेंट घेऊ. सही त्यांच्यासमोर करावी लागते. आत्ता केलीत तर कागद वाया."

"आत्ता सही घ्या ना. ठप्पा मागाहून मारा."

समीरनेही माझीच री ओढली. "सर बरोबर बोलतायत, मॅडम. ठप्पा नसला तर इथं कुत्रंसुद्धा विचारत नाही."

"समीरभाई, माझी आई नाशिकला राहते. इथं कुवेतच्या सालमियात नाही."

मी ते ऐकलं. त्यावर विचार केला नाही.

"सोसायटीत नॉमिनी कोण लावलंय?" मी विचारलं.

"आई."

"मग झालं तर! फ्लॅट आईचाच. उगाच टेन्शन घेताय."

तिची बोटं सैल पडली. तेवढ्यात नर्स ट्रॉली घेऊन आली. मी पेन काढून घेतलं, टोपण लावलं, कागद फाइलमध्ये घातला.

"म्हणजे आता बरं व्हायलाच पाहिजे," वैशाली म्हणाली. "अपॉइंटमेंट चुकवली तर तुम्ही मेमो द्याल."

ती ऑपरेशन टेबलावरून परत आली नाही.

पुढे तिच्या वारस दाखल्यासाठी नाशिकच्या एका वकिलांना फोन केला. बोलता बोलता, दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं, मृत्युपत्राचंही विचारलं.

"त्याला ठप्पा कशाला हवा, साहेब? साधा कागद चालतो. तिची सही, आणि ती सही करताना बघितलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. बस."

"आणि नॉमिनी?"

"नॉमिनी फक्त सांभाळणारा. मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल आणि मूलबाळ नसेल, तर बाईंचं घर नवऱ्याला. आईचा नंबर नवऱ्याच्या वारसांच्याही मागे."

कागद तयार होता. तिच्या हातात पेन होतं. पलंगाशी दोन साक्षीदार उभे होते. कमी काहीच नव्हतं.

त्याच दुपारी नितीन माझ्या केबिनमध्ये आला. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं.

"सर, दादा म्हणतोय फ्लॅट विकून टाक. मला काही सुचत नाहीये. वैशाली तुमच्याशी बोलली होती का? आईंच्या बाबतीत काही? बोलली असेल तर मी तसंच करतो. दादाचं मी बघून घेईन."

समीर टेबलावर तिच्या व्हिसा कॅन्सलेशनचे कागद मांडत होता. त्याचा हात थांबला. 'हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग सही का नाही घेतलीत?

"नाही," मी म्हणालो. "तसं काही बोलल्या नाहीत."

नितीन मान हलवून गेला. समीर तिथेच उभा.

"सर..."

"बोल."

"काही नाही. कागद देऊन येतो."

तो गेल्यावर मी फाइल काढली आणि तो कागद श्रेडरमध्ये घातला.

फ्लॅट विकला गेला. वैशालीची आई आता धाकट्या मुलीच्या दोन खोल्यांत राहते. त्यांचा एकदा फोन आला होता.

"साहेब, दवाखान्यात तुम्ही होतात म्हणे. माझं नाव काढलं का हो तिनं?"

"भुलीत होत्या, मावशी. बोलण्यासारखी स्थिती नव्हती."

"असू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या मनाला लागून राहिलं होतं, म्हणून विचारलं."

हल्ली कोणी मृत्युपत्राचा विषय काढला, की मी आधी दोन साक्षीदार बोलावून सही घेतो आणि मग वकिलाचा नंबर देतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं शिकलो. त्याचा वैशालीला उपयोग नाही.

नितीनला मी एक 'हो' देणं लागतो. आणि तिच्या आईला, समोर बसून, हे सांगणं: मावशी, ती शुद्धीत होती, आणि तिने पहिलं नाव तुमचंच काढलं होतं. दोन्ही अजून दिलेलं नाही.