धुऱ्यांवर संघ उभा करणारे हबीब सर

शेख हबीब सरांची आणि माझी पहिली भेट अमडापूरच्या एस.टी. थांब्यावर झाली. मराठीचा शिक्षक म्हणून शाळेत रुजू व्हायला मी नाशिककडून आलो होतो. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात गुंडाळलेली गादी, आणि शाळा कोणत्या दिशेला आहे याचा पत्ता नाही. तेवढ्यात टेकडीच्या बाजूने एक उंच गृहस्थ आणि त्यांच्यामागे आठ-दहा मुले धावत आली. सगळे माझ्यासमोरून पुढे गेले. मग ते गृहस्थ थांबले, वळले आणि म्हणाले, "नवीन सर तुमीच काय? द्या ती गादी इकडं." गादी एका मुलाच्या खांद्यावर गेली, ट्रंक दोघांनी धरली आणि माझा संसार माझ्या आधी धावत शाळेत पोहोचला. मागून मी आणि सर चालत निघालो. वाटेत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "सायकल येते काय तुमाले?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या संघाचा सदस्य झालो होतो.

ते दिवस संघाच्या अगदी सुरुवातीचे होते. आमच्या शाळेला मैदान म्हणावे असे काही नव्हते. इमारतीसमोर जे अंगण होते त्यात प्रार्थनेसाठी मुले कशीबशी उभी राहत, आणि बाजाराच्या दिवशी अर्ध्या भागात बैलगाड्या सुटत. सर क्रीडाशिक्षक म्हणून आले तेव्हा त्यांच्याकडे दोन फुटबॉल होते, तेही हवा न धरणारे. दुसऱ्या कुणी मैदानासाठी अर्ज केले असते. सरांनी गावाभोवती फेरी मारली. टेकडी पाहिली, पांदणीचे रस्ते पाहिले, शेतांमधले धुरे म्हणजे बांध पाहिले, आणि मुख्याध्यापकांना सांगितले की आपण क्रॉस कंट्रीचा संघ काढू.

"म्हणजे काय करायचं?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"वावरातून, टेकडीवरून धावायचं."

"ते तर पोरं तशीही धावतात."

"हो सर," हबीब सर म्हणाले, "आता न थांबता धावतील."

मला त्या काळात धावण्यातले ओ की ठो कळत नव्हते. सर्वांत मागे राहिलेल्या मुलाच्या मागून सायकल चालवायची, एवढेच माझे काम. सरांचे म्हणणे असे की पुढचा कुठे जातो ते सगळे पाहतात. मागच्याच्या मागे माणूस असला पाहिजे. पहिल्या महिन्यात त्यांनी कुणालाही जोरात धावू दिले नाही. धावता धावता बोलता आले पाहिजे, हा त्यांचा नियम. ते तपासण्यासाठी ते मुलांना धावताना पाढे आणि मराठीच्या कविता म्हणायला लावत. ज्याला कडवे पुरे करता येत नसे त्याला म्हणत, "दम खा, तू जास्त जोरात चालला." याचा मला अनपेक्षित फायदा झाला. त्या वर्षी कवितांच्या तोंडी परीक्षेत धावणाऱ्या मुलांपैकी एकही अडखळला नाही.

दर शनिवारी ते सगळ्यांचे पाय पाहत. बूट निम्म्या मुलांकडे नव्हते, आणि सरांनी त्यासाठी कुणाला कधी लाजवले नाही. मुले चौथऱ्यावर ओळीने बसत आणि सर समोर उकिडवे बसून एकेकाचा तळवा हातात घेत. काटा दिसला की सुईने काढत, हळद लावत. एखादा मुलगा पाय आखडून घेई, "सर, तुमी नका हात लावू." त्यावर ते म्हणत, "दाखव बे. डोळ्याच्या डॉक्टरले डोळा दाखवतो, मास्तरले काऊन नाई?" पुढे माझ्याही लक्षात आले की या शनिवारच्या बैठकीत मुले पायाखेरीज इतरही दुखणी सांगत. घरात काय चालले आहे, कुणाला कशाची भीती वाटते, हे आम्हां वर्गशिक्षकांच्या आधी सरांना कळत असे. ते त्यांनी कधी शिक्षकांच्या खोलीत चघळले नाही.

रस्ता मिळवणे मात्र सोपे नव्हते. टेकडीकडे जाणारा धुरा ज्यांच्या शेतातून जात असे ते राऊतभाऊ एका सकाळी काठी घेऊन उभे राहिले. "मास्तर, माह्या हरभऱ्यातून घोडे पळवता काय?" सरांनी वाद घातला नाही. मुलांना थांबवले, बूट काढले आणि राऊतभाऊंबरोबर सगळा धुरा चालून आले. तीन ठिकाणी रोपे तुडवली गेली होती. सरांनी मुलांना बोलावून ती दाखवली. त्या हंगामात आम्ही नाल्याकडून लांबचा वळसा घेतला. पेरणीच्या दिवसांत सर दोन रविवार राऊतभाऊंच्या शेतावर कामाला गेले, त्याचा गाजावाजा न करता. पुढच्या वर्षी राऊतभाऊंनी आपणहून धुऱ्याला लागून एक पट्टी न पेरता सोडली आणि सरांना निरोप धाडला, "पोरं इकडून येऊ द्या, तिकडं काटे लई."

मुलींचा संघ हा त्याहून अवघड विषय होता. पहाटे टेकडीवर मुलींनी धावायचे, ही कल्पनाच पुष्कळ घरांना मानवली नाही. सरांच्या पत्नी सलमाभाभी यांचा या कामातला वाटा सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. त्या सरांबरोबर घरोघर गेल्या. सर ओसरीवर बसत, भाभी आत जात. एका आईने त्यांना विचारले, "आणि कोणी काही बोललं तं?" भाभी म्हणाल्या, "मी राहीन ना तिथं. बोलणाऱ्याले मी चहा पाजीन." आणि त्या खरोखर रोज आल्या. टेकडीच्या पायथ्याशी सतरंजी टाकून, थर्मास आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा डबा घेऊन बसत. पहिल्या वर्षी सहा मुली आल्या. त्यांची कप्तान आफरीन, आणि त्यांत सर्वांत अबोल होती दुर्गा.

याच मुलींच्या संघाने दुसऱ्या वर्षी बुलढाण्याच्या जिल्हा स्पर्धेत कप मिळवला, आणि सरांची खरी ओळख मला त्या दिवशी झाली. या शर्यतीत संघातल्या पहिल्या चार मुलींच्या क्रमांकांची बेरीज होते. ज्याची बेरीज कमी तो संघ पहिला. आमची चौथी दुर्गा. ती अनपेक्षितपणे लवकर आली, आणि मलकापूरच्या एका शाळेला अगदी थोडक्याने मागे टाकून कप आम्हाला मिळाला. परतताना जीपमध्ये मुली गाणी म्हणत होत्या. आफरीनने सरांच्या फोनवरून गावात बातमी कळवूनही टाकली.

चिखलीच्या अलीकडे कुणीतरी शर्यतीच्या वाटेवरच्या तलावापलीकडच्या बाभळींचा विषय काढला. तिथे काटे किती होते, ओढणी कशी अडकली, असे बोलणे चालू असताना दुर्गा म्हणाली, "कोणत्या बाभळी? मले तं नाई दिसल्या."

त्या बाभळी चुकणे शक्यच नव्हते. तलावाला पूर्ण वळसा घालायचा होता. वळणावरची झेंडी पडली असावी, पुढे-मागे कुणी दिसत नव्हते, आणि दुर्गा बांधाच्या अलीकडूनच वळली होती. तिला स्वतःला ते आत्ता कळत होते. ती रडू लागली.

सरांनी जीप एका चहाच्या टपरीपाशी थांबवली. आधी दुर्गाला म्हणाले, "झेंडी पडली होती. तुही चूक नाई. रडू नको." मग सगळ्यांना चहा सांगितला आणि विचारले, "या कपाचं काय करायचं, सांगा."

आफरीन म्हणाली, "सर, गावात सांगून झालं."

"मग पुन्हा सांगू," सर म्हणाले.

त्यांनी आयोजकांना फोन लावला. तिकडून उत्तर आले की निकाल जाहीर झाला आहे, दुसरा संघ निघून गेला आहे, आता राहू द्या. सरांनी फोन ठेवला आणि पुन्हा मुलींकडे पाहिले. मी मनातून म्हणत होतो की आयोजकच राहू द्या म्हणतात, तर विषय संपला. दुर्गा डोळे पुसत म्हणाली, "आपला नाई तो. देऊन टाकू."

अमडापूरच्या थांब्यावर हार घेऊन माणसे उभी होती. ताशा आणला होता. सर जीपमधून उतरले, हार हातातच धरला आणि सर्वांना सांगितले, "आमच्याकडून रस्ता चुकला. कप मलकापूरचा हाये." कोणाकडून, ते सांगितले नाही. लोकांनी विचारले, मुख्याध्यापकांनी विचारले, पालकांनी विचारले, सरांचे एकच उत्तर, "आमच्याकडून." काही जण नाराज झाले. शाळेची शोभा झाली असे म्हणणारेही होते. एका मुलीच्या वडिलांनी तिला काही दिवस पाठवले नाही.

त्या रविवारी सर, सलमाभाभी, मी आणि सहा मुली कप घेऊन एस.टी.ने मलकापूरला गेलो. खामगावला गाडी बदलली. दोन्ही गाड्यांमध्ये लोक मुलींचे अभिनंदन करत होते. "कुठं जिंकल्या?" कुणी विचारी, आणि प्रत्येक वेळी मुलींना सांगावे लागे की आम्ही जिंकलो नाही, परत द्यायला चाललो. पहिल्यांदा सांगताना त्यांच्या माना खाली होत्या. नांदुरा येईपर्यंत त्या एकमेकींच्या आधी सांगू लागल्या. एका म्हाताऱ्या आजीबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि पिशवीतली बोरे काढून दुर्गाच्या ओंजळीत ओतली.

मलकापूरच्या शाळेत आमची वाट पाहत होते, कारण सरांनी आधी कळवले होते. तिथल्या क्रीडाशिक्षिकांनी कप घेतला, टेबलावर ठेवला, आणि भाषण न करता म्हणाल्या, "आधी जेवून घ्या." वांग्याचे भरीत आणि पुऱ्या असा बेत होता. जेवणानंतर दोन्ही शाळांच्या मुली नदीकाठाने सोबत धावायला गेल्या. कुणी वेळ मोजली नाही. तेव्हापासून दर हिवाळ्यात हे दोन संघ एकदा एकत्र धावतात, एक वर्ष तिकडे, एक वर्ष आमच्या टेकडीवर. आणि त्या घटनेनंतर आमच्याकडे मुलींची संख्या कमी होईल अशी मला भीती होती, ती खोटी ठरली. ज्या वडिलांनी मुलीला घरी ठेवले होते तेच तिला घेऊन आले आणि सरांना म्हणाले, "तुमच्या हातात पोरगी देऊन झोप लागते मास्तर."

दुर्गा आज दुसरबीडला क्रीडाशिक्षिका आहे. तिचे नाव लिहू का, असे मी तिला मुद्दाम विचारले. ती म्हणाली, "लिहा सर. माह्या पोरींले सांगाले कामी येते ते."

सरांच्या स्वभावाच्या इतर किती गोष्टी सांगाव्यात. रमजानमध्ये ते रोजा ठेवून सरावाला येत. आपले सर पाणी पीत नाहीत म्हणून मुलेही पाणी टाळू लागली, तेव्हा सरांनी सगळ्यांना उभे करून सांगितले, "रोजा माहा हाये, तहान तुमची हाये. प्या पाणी." माझे वडील गेले तेव्हा मी दोन आठवडे गावी होतो. परत आलो तर माझे सगळे तास सरांनी घेतले होते. संधीचे प्रकार त्यांनी मुलांना जोड्यांनी पळवून शिकवले होते. ते व्याकरण कितपत शुद्ध होते हा भाग वेगळा. वर्ग मात्र आनंदात होता. आणि त्यांच्या कौतुकात हेही नमूद करायला हवे की सर बैठकीला कधी वेळेवर आले नाहीत, जीप बैलगाडीच्या वेगाने चालवतात, आणि एकदा हट्टाला पेटले की भाभींखेरीज कुणाचे ऐकत नाहीत.

निवृत्तीनंतरही सर रोज सकाळी टेकडीवर असतात. गुडघे कुरकुरतात म्हणून आता धावत नाहीत, चालतात. साठीनिमित्त नेमलेल्या गौरव समितीने सत्काराची वेळ विचारली तेव्हा ते म्हणाले, पोरांचा सराव झाल्यावर ठेवा. मागच्या आठवड्यात आम्ही दोघे टेकडीच्या माथ्यावर बसलो होतो. खाली हरभऱ्याची शेते हिरवीगार होती आणि धुऱ्यावरून नव्या मुलामुलींची ओळ येत होती. मी विचारले, "सर, साठी झाली. कसं वाटतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "चढ झाला," ते म्हणाले. "आता मजेचा भाग."

सर, त्या मजेच्या भागाला भरपूर वर्षे मिळोत. आपले गुडघे आपले ऐकोत, भाभींचा चहा गरम राहो, आणि आमच्या नातवंडांचे तळवेही आपण शनिवारी हातात घेऊन पाहावेत, एवढे निरोगी आयुष्य आपल्याला लाभो, हीच आम्हां सर्वांची मनापासून इच्छा.