फ्रिजवरची चादर

"फ्रिजवर काहीतरी टाका," सर म्हणाले. "चादर-बिदर असेल ना?"

आईला आधी कळलंच नाही. तिला वाटलं धूळ दिसतेय. तिनं पदरानं दार पुसलं. मरून रंगाचा फ्रिज, दारावर पांढरी फुलं, हँडलचं दुकानातलं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"पुसलाय की ओ सकाळीच," ती म्हणाली.

"पुसायचं नाही हो, झाकायचंय. पाहुण्यांना दिसायला नको."

घ्या! आमच्याच घरात, आमचाच फ्रिज, आणि तो दिसायला नको. आई माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं मी काहीतरी बोलेन.  मी पेटी उघडली आणि मामानं दिलेली सोलापुरी चादर काढली. एक टोक मी धरलं, एक आईनं धरलं. दोघींनी मिळून फ्रिज झाकला. सर दारात उभे राहून सांगत होते, "खालपर्यंत घ्या. पाय दिसतायत."

सर म्हणजे पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचे साहेब. संस्थेचं नाव घेत नाही. घेतलं तर ते लोक फक्त नावावरच भांडत बसतील. तिथं अभ्यास चालतो तो असा, की आपल्यासारख्या देशांत कारखाने आले, औद्योगिक पट्टा वाढला, तर गरीब घरं वर कशी येतात. त्यासाठी त्यांनी दापोडीतली काही घरं निवडली होती. दरवर्षी दिवाळी झाली की त्याच घरांत यायचं, तेच प्रश्न विचारायचे. रेल्वे लाइनच्या कडेची आमची गल्ली त्यात होती. आमचं घर त्यात होतं. एक खोली, वर पत्रा, त्यात मी आणि आई. बाबा मी लहान असतानाच गेले.

मी शाळेत होते तेव्हा ते लोक पहिल्यांदा आले. वजनकाटा घेऊन आले होते. घरात जमीन सपाट नाही म्हणून काटा गल्लीत मांडला आणि मला त्याच्यावर उभं केलं, अख्ख्या गल्लीसमोर. एका बाईनं माझ्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळली आणि आकडा मोठ्यांदा सांगितला. पोरं हसली. पुढं कितीतरी दिवस त्या आकड्यानं मला हाका मारत होती. ती बाई माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. नाव पण विचारलं नव्हतं. तिला दंड पाहिजे होता.

मग प्रश्न. आईला विचारायचे. काल काय खाल्लं? परवा काय खाल्लं? कर्ज आहे का? घरात पंखा आहे का? सायकल? मिक्सर? फ्रिज? एका दमात, मान वर न करता. दारात शेजारणी उभ्या असायच्या, त्यांच्यासमोर आई उत्तरं द्यायची. न्हाई. न्हाई. न्हाई. 'फ्रिज'पर्यंत येता येता तिचा आवाज पार खाली गेलेला असायचा. आईनं दिलेलं पाणी ते कधीच प्यायचे नाहीत. गाडीतून सीलबंद बाटल्या आणायचे. पेला भरलेला तसाच राहायचा आणि ते गेल्यावर आई तो तुळशीत ओतायची.

एकदा असंच ते गेल्यावर आई म्हणाली, "एकदा तरी ह्येंला हो म्हणायचंय मला. जोरात. बाहेरच्यांला ऐकू जाईल असं."

मला तेव्हा हसू आलं होतं. आज येत नाही.

आई चाकणला जाते. नाशिक फाट्यावरून कंपनीची बस पकडते. गाड्यांमधल्या वायरी असतात ना, त्यांचे जुडगे बांधायचं काम. दिवसभर उभं राहून. बोटांना चिरा पडतात, त्यात ती रात्री मेण भरते. आहे मात्र कंत्राटी. दर काही महिन्यांनी ठेकेदार सांगतो, ब्रेक घ्या. मग घरी बसायचं, आणि परत भरती व्हायचं नवीन म्हणून. ज्या लाइनवर तिनं अर्ध्या पोरींना काम शिकवलं, त्या लाइनवर कागदोपत्री ती कायम नवीनच. अशा नोकरीत ओव्हरटाइम करकरून तिनं त्या वर्षी उन्हाळ्यात फ्रिज घेतला. टेम्पोतून उतरवला तेव्हा गल्लीत पेढे वाटले. पहिले दोन दिवस फक्त पाणी ठेवलं आत. म्हणे, सवय होऊ दे त्याला.

आणि दिवाळीची वाट बघत बसली. सर्वेवाले कधी येतात, कधी तो प्रश्न विचारतात.

सर्वेवाले यायच्या आधीच सर आले. का? तर परदेशातले पाहुणे येणार होते. अभ्यासाला पैसे देणारे. त्यांना घर दाखवायचं होतं. आमचंच का, तर मुंबई-पुणे रस्त्याला जवळ, गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत येते.

"त्यांना गरज दिसली पाहिजे," सर मला बाजूला घेऊन म्हणाले. "फ्रिज दिसला की म्हणतील, यांचं भागलं. मग पुढचा निधी कशाला? तू शिकलेली आहेस, तुला कळेल."

मला कळत होतं ना! मी तेव्हा अर्थशास्त्रात एम.ए. करत होते. सरांनी मला संस्थेत नोकरी द्यायचं कबूल केलं होतं. त्याआधी एकदा ऑफिसात बोलावलं होतं. तिथल्या सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली. "ही आपल्या सॅम्पलमधली मुलगी." सगळे कौतुकानं हसले. एकजण म्हणाला, "अरे वा, बोलते पण छान." मीसुद्धा हसले. काय करणार? नोकरी पाहिजे होती. आईचे ब्रेक बंद व्हायला पाहिजे होते. तिच्या बोटांतलं मेण सुटायला पाहिजे होतं. म्हणून त्या दिवशी चादर धरली.

सरांनी जाता जाता आणखी सांगितलं, "आज तू इंग्लिश बोलू नकोस. शक्यतो बोलूच नकोस. आणि जरा साधा ड्रेस घाल."

पाहुणे आले. एक परदेशी बाई, सगळे तिला मॅडम म्हणत होते, आणि तिच्यामागं कॅमेरावाला. दारात ती बूट काढायला वाकायला लागली. सर म्हणाले, "नो नो, इट्स ओके." का ओके? कुणाचं घर आहे? आमच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे. त्याच्यासमोर आजवर कुणी पायताण घालून उभं राहिलेलं नाही. सर मराठी माणूस, त्यांना काय माहीत नव्हतं? स्वतःच्या घरी पाळत असतील की. मॅडम बुटासकट आत आल्या आणि त्यांच्यामागं सरही बुटासकट आले.

आई चादर टाकलेल्या फ्रिजला टेकून उभी राहिली. खोलीत दुसरी जागाच नव्हती. तिच्या पाठीमागं फ्रिज घरघरत होता.

मॅडमनी विचारलं, कामावर कसं चाललंय? सरांनी मराठीत विचारलं. आई म्हणाली, "काम हाय, पण कायम करत न्हाईत ओ. सारखं ब्रेक देत्यात. परत घेत्यात ते नवीन म्हणून. काहीतरी सांगा की तुम्ही त्येंला."

सरांनी मान हलवली आणि मॅडमकडे वळून इंग्लिशमध्ये सांगितलं, "ती म्हणतेय, कंपनी तिला पुन्हा पुन्हा काम देते. ती खूप समाधानी आहे."

मी तिथंच उभी होते. सरांना आमची गरज दाखवायची होती, कारखान्याची तक्रार नको होती. माझ्या आईच्या तोंडातला शब्द त्यांनी काढून घेतला आणि दुसराच घातला. तोही तिच्यासमोर, माझ्यासमोर, मला इंग्लिश येतं हे पक्कं माहीत असताना. त्यांना खात्री होती मी बोलणार नाही. मॅडम आईकडे बघून गोड हसल्या. आईला वाटलं, बाईला पटलं आपलं. तीसुद्धा हसली. कॅमेरावाल्यानं तो फोटो काढला.

 

मग मॅडमनी शेवटचा प्रश्न विचारला. सरांनी तो अगदी बरोबर मराठीत आणला, "त्या विचारतायत, तुमचं स्वप्न काय? घरात काय वस्तू असावी असं वाटतं?"

आई गोंधळली. तिनं सरांकडे बघितलं. सरांनी डोळ्यांनीच खुणावलं, सांगा, सांगा. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मग मागं, चादरीकडं. आणि अगदी खालच्या आवाजात, दरवर्षी 'न्हाई' म्हणायची त्याच आवाजात म्हणाली,

"फ्रिज."

बस्स!

मी पुढं झाले आणि चादर ओढली. एका झटक्यात खाली आली. पांढऱ्या फुलांचा मरून फ्रिज सगळ्यांसमोर उभा.

"हा आमचा फ्रिज," मी इंग्लिशमध्ये म्हणाले. "माझ्या आईनं चाकणला राबून घेतलाय. आज सकाळी या माणसानं तो झाकायला लावला, तुम्हाला दिसू नये म्हणून. आणि माझी आई समाधानी नाही. ती म्हणाली, मला कायम करत नाहीत. ते तुम्हाला सांगितलंच नाही यांनी."

माझा आवाज कापत होता. रागानं कापत होता, कुणी भीतीनं समजू नये. सरांचा चेहरा पडला. मग ते हसायला लागले. "मॅडम, मुलगी जरा भावनाप्रधान आहे."

मी फ्रिज उघडला. आत दूध होतं, भिजवलेली कणीक होती, कोथिंबिरीची जुडी, पाण्याच्या बाटल्या. मी पेला काढला, थंड पाणी ओतलं आणि मॅडमच्या हातात दिला.

"प्या," मी म्हणाले. "इतकी वर्षं तुमची माणसं येतात. या घरातलं पाणी अजून कुणी प्यायलेलं नाही."

मॅडमनी पेला हातात धरला. सरांकडे बघितलं. "मॅडमना पोटाचं जपावं लागतं," सर घाईनं म्हणाले. मॅडम मला 'थँक यू' म्हणाल्या, खूपच मनापासून म्हणाल्या असतील, आणि पेला हळूच फ्रिजवर ठेवून दिला. तोंडाला लावलासुद्धा नाही. मग सगळे निघाले. जमिनीवर बुटांचे ठसे उमटले होते.

सर गल्लीच्या तोंडाशी थांबले. मला बोलावलं. "काय केलंस कळतंय का तुला? तुमच्यासाठीच चाललं होतं ना सगळं? ऑफिसला यायची गरज नाही आता. आणि दुसरीकडं कुठं शिफारस करीन हे तर विसरच."

"तुम्ही बूट काढायला हवे होते," मी म्हणाले. मला त्या वेळी तेवढंच सुचलं.

घरी आले तर आई चादरीची घडी करत होती. मला वाटलं शिव्या देईल. दिल्याच. "नोकरी घालवलीस. तोंडाशी आलेला घास घालवलास. काय गरज होती गं तुला?" आणि मग घडी तशीच मांडीवर ठेवून रडायला लागली. "माझ्या तोंडातून निघालंच कसं ते? घरात असलेली वस्तू मागितली म्या. भीक मागितल्यागत."

त्या रडण्याची मला अजूनही चीड येते. आईची नाही. ज्यानं तिला ते मागायला लावलं, त्याची.

दिवाळी झाली. गल्लीत सर्वेवाले आले. आई ब्रेकवर होती. सकाळीच अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसली. कशाला बसली ते बोलली नाही. मला विचारायची गरज नव्हती. सर्वेवाली शेजारच्या मावशींकडे गेली. पंखा, मिक्सर, फ्रिज, सगळं आम्हाला ऐकू येत होतं. मग बाहेर आली, हातातल्या टॅबवर बघितलं आणि आमच्या दारावरून पुढं चालायला लागली.

"ओ ताई," आईनं हाक मारली. "आमच्याकडं न्हाई का?"

ती थांबली. परत टॅबवर बघितलं. तिचा बिचारीचा काही दोष नव्हता, तिलाही पोटासाठी दारोदार फिरायचं होतं. "काकू, यात 'घर बंद, कुटुंब स्थलांतरित' असं येतंय."

घर बंद! दार उघडं. दारात बाई बसलेली. तिच्यामागं फ्रिज चालू. आणि घर बंद.

आई उठून आत गेली आणि कणीक मळायला बसली. तो 'हो' तिच्या पोटातच राहिला. त्या लोकांच्या अभ्यासात आमच्या घरात आजही फ्रिज नाही. कधीच येणार नाही. कारखाने आल्यावर गरीब वर येतात का, हे शोधायला निघालेल्यांनी वर आलेली बाई खोडून टाकली. का, तर तिची पोरगी बोलली.

मी सध्या चाकणला एका गोदामात माल नोंदवायचं काम करते. एम.ए. पुरं केलं. ओळखीचे म्हणतात, सोड गं तो विषय, तुझ्या काय कामाचा? नाही सोडणार. अर्थशास्त्र काही सरांच्या बापाचं नाही. आमच्या दंडाच्या आकड्यांवर, आमच्या 'न्हाई न्हाई'वर ते उभं आहे. आम्हीच उठून गेलो तर हे लोक आमच्या नावानं काहीही छापतील.

त्यांचा अहवाल पुण्यात वाचला जाणार आहे, मोठ्या सभागृहात. कळलंय मला. मॅडम येणार, सर मंचावर असणार. मी जाणार आहे. आई पण येणार आहे, कामाची पाळी बुडवून. सांगितलंय मी तिला, सर्वेच्या दिवशी नेसलेली तीच साडी नेस. आम्ही पुढच्या रांगेत बसणार. वाचून झालं की मी उभी राहीन आणि इंग्लिशमध्ये विचारीन, दापोडीतलं ते घर कुणी बंद केलं? उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही. बाहेर काढायचं असेल तर सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर, दंडाला धरून काढावं लागेल. दंड त्यांच्या ओळखीचा आहेच.

आणि मग मी माइक आईच्या हातात देईन आणि मराठीत विचारीन, घरात फ्रिज आहे का?

ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. त्याचं भाषांतर मी करीन. सरांनी मध्ये पडायचं नाही.