प्रोब उचलल्यावर

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर हसतच वाचले. मी हृदयाची डॉक्टर. जे स्क्रीनवर दिसत नाही, ते माझ्यासाठी नसतंच... पण हे स्क्रीनवरच दिसलं.

उज्जैनला माधव नगरमधल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करते. मागच्या हिवाळ्यातली दुपार. दहा वर्षांची ईशा आईबरोबर आली होती. आधी घसा दुखला, मग सांधे सुजले, ताप—रूमॅटिक फीवर. या तापात हृदयाच्या झडपा खराब होतात, म्हणून एको. तिची एक झडप जराशी गळत होती, बाकी हृदय छान काम करत होतं.

"औषधं आणि आराम. घाबरायचं कारण नाही," मी आईला म्हटलं.

छातीवर फिरवायचा प्रोब स्टँडला लावला, जेल पुसायला कापूस घेतला... आणि ईशा म्हणाली, "मॅडम, आता कोणाचं चालू आहे?"

स्क्रीनवर हृदय धडधडत होतं. प्रोब कोणालाच टेकलेला नव्हता. आधीची क्लिप परत चालतेय असं वाटलं—पण नाही. या हृदयात झडपेला धरून ठेवणारी दोरी तुटली होती, आणि झडपेचा पडदा फाटक्या फडक्यासारखा उलटा फडफडत होता.

मी मशीन बंद केलं.

"हिला आज ॲडमिट करू या."

"आत्ताच तर ठीक आहे म्हणालात ना? देवास गेटहून बस आहे आमची. घरी सासूबाई एकट्या आहेत."

"एक रात्र राहू द्या. ऐका माझं."

कारण मला सांगता येईना. पण शेवटी आई कशीबशी तयार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईशाला एकाएकी धाप लागली. एको केला—तीच तुटलेली दोरी, तसाच फडफडणारा पडदा. लगेच इंदूरला नेलं, ऑपरेशन झालं, मुलगी वाचली. गावी असती तर...

इंजिनिअरनं मशीन तपासलं. काही बिघाड नाही. आईनं स्क्रीनकडे पाहिलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात ईशा, हा ताप परत येऊ नये म्हणून देतात त्या इंजेक्शनला आली. आई औषधं आणायला गेल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी तू काय पाहिलंस गं?"

"दिल," ती सहज म्हणाली. "तुम्ही मशीन बंद केलं ना, त्याच्यानंतर पण ते चालू होतं. मग हळूहळू झालं... आणि थांबलं."

मशीन बंद करून मी तिच्या आईकडे वळले होते. पाठीमागे काय झालं, कसं झालं—मला आजही माहीत नाही. ईशा छान आहे, शाळेत जाते. पुढच्या महिन्यात तिचा एको आहे, आणि मला तो करायची भीती वाटते.