आजोबांनी शिकलेली वेणी

माझे आजोबा रेल्वेत गँगमन होते. सारी नोकरी रुळांवर हातोडा मारत गेली. निवृत्त होऊन सौंदडला घरी आले आणि दुसऱ्याच वर्षी आजीला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं.

आई-बाबा सकाळीच धानाच्या रोवणीला जात. आजीची आंघोळ, चहा, भरवणं आजोबा करत. प्रश्न राहिला केसांचा. कमरेपर्यंतचे दाट केस. शेजारची काकू म्हणाली, "कापून टाका ना. रोज कोन विंचरणार हाये?" आजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर आजोबा कंगवा घेऊन बसलेले. "मले वेनी घालाले शिकव."

मी आठवीत होते. आधी हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून त्यांच्यापुढे पाठ करून बसले. तीन पेड कसे घ्यायचे ते सांगितलं. भेगाळलेली जाड बोटं केसांत अडकायची. रुळाचे बोल्ट आवळावेत तशी ते वेणी आवळत.

"दुखते का वो?" त्यांनी विचारलं.

"लय दुखते," मी म्हणाले.

"मंग सांगत काऊन नाही?"

आठवडाभर माझं डोकं त्यांच्या ताब्यात होतं. मग एका रविवारी ते खोबरेल घेऊन आजीच्या मागे बसले. बराच वेळ लागला. झाल्यावर त्यांनी तिच्यापुढे आरसा धरला. तिनं पाहिलं आणि अडखळत म्हणाली, "भांग वाकडा हाये."

त्यांनी वेणी सोडली आणि पुन्हा सुरुवात केली.

पुढं चार वर्षं हे रोजचं झालं. चुलत आत्याच्या लग्नात तर त्यांनी आजीच्या वेणीत गजराही माळला. बायका चिडवू लागल्या, "बुढा बायकोचा नोकर झाला." ते म्हणाले, "रेल्वेची नोकरी केली, आता हिची करून राहिलो."

आजी हिवाळ्यात गेली. बायका तिला आंघोळ घालायला आल्या, तेव्हा आजोबांनी कंगवा मागून घेतला. कुणी अडवलं नाही.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. मी गोंदियाला कॉलेजात होते, शनिवारी घरी यायचे. आजीबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदा ओट्यावर लाखोळीच्या शेंगा सोलताना आपणहून म्हणाले, "नोकरीत होतो तवा तिच्यासंग बसाले भेटलंच नाही. चार वर्सं बसलो, ते बरं झालं."

मी शेंगांची टोपली माझ्याकडे ओढली आणि त्यांच्याजवळ सरकून बसले.